धूपछाव आणि ताफता

मराठी भाषेतील रंगांची नावे एकत्र मांडून पाहिली, तर ती बहुतेक सारी बागेतून, स्वयंपाकघरातून किंवा झाडावरच्या पाखरांकडून आणलेली आहेत, असे चटकन ध्यानात येते. डाळिंबी, अंजिरी, आमसुली, वांगी, अबोली, गुलबक्षी, पोपटी, पारवा, बदामी, मोतिया, केशरी यांपैकी कोणतेही नाव उच्चारावे, की एखादी मूर्त वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते आणि तिच्या अंगावरचा रंग उचलून कापडावर ठेवला की नामकरणाचे काम संपते. किरमिजी हा शब्द वरवर पाहता या नियमाबाहेरचा वाटतो. पण तोही रंग देणाऱ्या एका किड्याचेच नाव सांगतो, आणि अरबी-फारसी मुलखांत फिरून आलेला असला तरी त्याचे कूळ आपल्या ‘कृमि’ शब्दाशी जुळते. या साऱ्या मेळाव्यात एकच नाव असे आहे, की ज्याच्यामागे फळ नाही, फूल नाही, पक्षी नाही आणि किडाही नाही. इतकेच नव्हे, तर ज्याचा रंग कोणता, असे कोणी विचारले असता एका शब्दात उत्तर देणे नाव ठेवणाऱ्यालाही साधले नसते. ते नाव म्हणजे धूपछाव.

ज्या वस्त्राच्या घडीवर एका बाजूने पाहिले असता तांबूस आणि किंचित मान कलती करून पाहिले असता हिरवी छटा दिसते, जे अंगावर असता प्रत्येक चुणीच्या माथ्यावर एक रंग आणि खाचेत दुसरा रंग खेळवते, आणि दोन्ही रंग डोळ्यांत एकदम मिसळले म्हणजे ज्याला नावच देता येत नाही असा तिसराच रंग क्षणभर उमटून नाहीसा होतो, त्या वस्त्राला कापडबाजारात धूपछाव म्हणतात. पैठणीच्या जुन्या जाणत्या गिऱ्हाइकांना काळी चंद्रकळा, राघू, शिरोदक ही नावे जशी तोंडपाठ असतात, तशीच धूपछाव हीदेखील असते. मात्र पहिली नावे रंगाची आहेत आणि हे नाव रंगांच्या वागणुकीचे आहे, हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता या शब्दाच्या घडणीकडे वळू. शुद्ध मराठी कानाला तो थोडा खटकावा, अशीच त्याची रचना आहे. आपल्याकडे धूप म्हणजे देवापुढे जाळावयाचे सुगंधी द्रव्य; धूपारती, धूपदाणी, धुपाटणे हा त्याचा परिवार. सूर्याच्या तापाला मराठी माणूस ऊन म्हणतो आणि झाडाखालच्या आसऱ्याला सावली. तेव्हा धूपछाव हा शब्द मराठीत जन्मला असता, तर तो ‘ऊनसावली’ असाच झाला असता. आणि ऊनसावली हा शब्द आपल्या भाषेत आहेही. परंतु तो सुखदुःखाच्या फेऱ्यासाठी आणि आभाळाच्या लहरीसाठी राखून ठेवलेला आहे, वस्त्राच्या वाट्याला तो कधी आला नाही. उलट उत्तर हिंदुस्थानात धूप म्हणजेच ऊन आणि छाँह म्हणजे सावली. पैकी छाँह ही संस्कृत छायेची लेक, याबद्दल वाद नाही. धूप शब्दाचे गोत्र पाहू गेल्यास पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात धूप् हा धातू संतापाच्या, म्हणजे तापविण्याच्या, अर्थाने नोंदलेला आढळतो. त्यामुळे एकीकडे तापलेल्या निखाऱ्यावरचा धूप आणि दुसरीकडे तापलेल्या आभाळाखालची धूप, अशा दोन शाखा एकाच बुंध्याला फुटल्या असे मानण्यास हरकत दिसत नाही. महाराष्ट्राने पहिली शाखा घेतली, अंतर्वेदीने दुसरी. याचा सरळ निष्कर्ष असा, की धूपछाव हा पाहुणा शब्द आहे, तो उत्तरेकडून आला आहे, आणि अर्थ न बदलता, अनुनासिकाचा थोडासा साज उतरवून ठेवून, तो आपल्या पेठांत स्थायिक झाला आहे.

तो येण्यापूर्वी आपल्याजवळ अशा रंगाला शब्दच नव्हता काय? संस्कृतात मिश्र रंगाची नावे विपुल आहेत. अमरकोशात चित्र, किर्मीर, कल्माष, शबल, कर्बुर असा एक घोळकाच एके ठिकाणी बसविलेला आहे. पण हे शब्द बारकाईने पाहिले असता असे दिसते, की ते शेजारी शेजारी बसलेल्या रंगांचे आहेत. गाईच्या अंगावरचे ठिपके, सापाच्या पाठीवरचे पट्टे, हे त्यांचे क्षेत्र. एकाच जागी दोन रंग आळीपाळीने नांदतात, ही कल्पना त्यांत नाही. तिच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द म्हणजे मेचक. मोराच्या पिसाऱ्यावरच्या डोळ्याला तो लावतात, आणि गर्द निळ्या-काळ्या रंगाची ती ओलसर झळाळी त्यात खरोखरच सापडते. परंतु मेचक काव्यात राहिला, बाजारात उतरला नाही. इंद्रायुध, शक्रधनुष्य, रोहित ही आभाळातल्या कमानीची नावे. वराहमिहिराने बृहत्संहितेत या कमानीवर स्वतंत्र अध्याय लिहिला असून, वाऱ्याने विस्कटलेले सूर्याचे नानारंगी किरण मेघाच्छादित आकाशात धनुष्याच्या आकाराने दिसतात, असा तिचा उलगडा सहाव्या शतकात करून ठेवला आहे. त्याच्या पुढच्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात राज्यश्रीच्या विवाहाचे वर्णन करताना क्षौम, बादर, दुकूल, लालातंतुज, अंशुक आणि नेत्र अशी सहा प्रकारची वस्त्रे गणून, त्यांनी राजवाडा असा झाकून गेला होता की जणू हजारो इंद्रधनुष्येच स्फुरत होती, असे म्हटले आहे. यावरून वस्त्राच्या चमकेला इंद्रधनुष्याची उपमा देण्याची रीत हिंदुस्थानात किमान तेरा शतके जुनी ठरते. पण उपमा वेगळी आणि संज्ञा वेगळी. कवीला उपमेवर भागवता येते. व्यापाऱ्याला चोपडीत लिहिण्यासाठी आणि जकातदाराला दर आकारण्यासाठी नाव लागते.

ते नाव आधी फारसीने पुरविले. अकराव्या शतकात नासिर खुस्रो हा फारसी प्रवासी मिसर देशात गेला असता, तेथील तिन्नीस गावी बूकलमून नावाचे कापड विणले जाते आणि दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी ते निरनिराळ्या रंगांचे दिसते, असे त्याने आपल्या सफरनाम्यात नमूद केले. पुढे हाच शब्द फारसीत सरड्याच्या एका जातीला लागला, टर्की पक्ष्याला लागला आणि चंचल स्वभावाच्या माणसालाही लागला. म्हणजे कापड विसरले गेले आणि रंग पालटण्याचा गुण तेवढा शब्दाला चिकटून राहिला. दुसरा फारसी शब्द ताफता. हा मराठीत अपरिचित नाही. अतलस, मशरू, किनखाब यांच्या पंक्तीत तो जुन्या कागदांतून वावरतो, आणि इंग्रजांची टॅफेटा ही त्याचीच विलायती बहीण. ताफता शब्दाच्या मुळाशी ताफ्तन् हे क्रियापद आहे आणि त्याचे दोन अर्थ होतात : पिळणे व तळपणे. यांतला दुसरा अर्थ आपल्या तप् धातूचा, ताप आणि तपन या शब्दांचा, सख्खा भाऊबंद आहे. म्हणजे मौज अशी, की ताफता म्हणा अथवा धूप म्हणा, दोन्हींच्या पोटात सूर्याचा तापच भरलेला आहे. इराणी विणकराने त्याचे नुसते तळपणे पाहिले, हिंदुस्थानी विणकराने त्याच्या जोडीला सावलीही बसविली. या दुरुस्तीत मला तरी अधिक बारीक नजर दिसते. कारण त्या कापडाची खुबी प्रकाशात नसून प्रकाश आणि त्याचा अभाव यांच्या पालटण्यात आहे.

ताफता आणि धूपछाव ही एकाच वस्तूची दोन नावे होती, याला साक्ष ब्रजभाषेतील कवी बिहारीलालाची. सतराव्या शतकात लिहिलेल्या त्याच्या सतसईतील एका दोह्यात वयःसंधीतील नायिकेच्या कांतीला ताफत्याच्या रंगाची उपमा दिलेली आहे, आणि हिंदी कोशकार ताफता म्हणजे धूपछाँह असाच अर्थ देतात. शैशव पुरते गेलेले नाही आणि यौवन पुरते आलेले नाही, अशा अवस्थेला दोन रंगांच्या या वस्त्राखेरीज दुसरी उपमा शोभली नसती. पण बिहारीचे नाव येथे घेण्याचे आणखी एक कारण आहे. ज्या राजाच्या आश्रयाने त्याने ही रचना केली, तो आंबेरचा राजा जयसिंह. पुरंदरास वेढा घालून 1665 साली शिवाजी महाराजांशी तह करणारा मिर्झाराजा तो हाच. विजापूरची मोहीम फसल्यावर औरंगजेबाने त्यास परत बोलाविले आणि उत्तरेकडे जाताना 1667 साली त्याने देह ठेवला तो बऱ्हाणपुरात. त्याची छत्री तेथे आजही उभी आहे. ताफत्याच्या रंगावर दोहा रचून घेणाऱ्या दरबाराचा धनी खानदेशच्या जुन्या राजधानीत विसावला, हा योगायोग खरा. तरी उत्तरेची भाषा, उत्तरेचा पोशाख आणि उत्तरेचे फौजफाटे दक्षिणेत कोणत्या दरवाजाने शिरत, ते त्यावरून चांगले कळते.

हा दरवाजा म्हणजे खानदेश. आज बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात मोडते म्हणून ते आपल्या नकाशातून आणि आठवणीतूनही गळाले आहे. पण फारुकी सुलतानांच्या अमदानीत, तापीकाठच्या थाळनेरहून गादी हलल्यानंतर, खानदेशचा सारा कारभार तेथूनच चाले. दौलताबादेकडील अवलिया शेख बुऱ्हानुद्दीन यांच्या नावाने वसविलेले हे शहर 1601 मध्ये अशीरगड पडल्यावर पुरतेपणी मोगलांच्या अमलाखाली आले, आणि अकबराने शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे नाव बदलून दानदेश केले. बादशहाने फर्मावलेले हे नाव पुढे लोकांच्या जिभेवरून पुसून गेले, आणि विणकराने ठेवलेले धूपछाव मात्र टिकले. नावे रुजविण्याच्या बाबतीत तख्तापेक्षा मागाचा अधिकार मोठा असतो, असे म्हणावयास यावरून जागा आहे.

सुरतेच्या बंदरात उतरलेला बराचसा माल आग्र्यास जावयाचा तो याच सुभ्यातून. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सतराव्या शतकात हा मार्ग एकाहून अधिक वेळा तुडविला, आणि त्याने दिलेल्या मुक्कामांच्या यादीत नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे, रावेर ही आपली ओळखीची गावे ओळीने लागतात. (नवापूरच्या बारीक तांदळाला कस्तुरीचा वास येतो, असे प्रशस्तिपत्रही हा गृहस्थ जाता जाता देऊन गेला आहे.) बऱ्हाणपूरच्या तलम कापडाबद्दल लिहिताना, ते इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते, त्यावर रंगीत फुले काढतात, जरीच्या पट्ट्या घालतात आणि बायका त्याच्या ओढण्या करतात, असे तो सांगतो. म्हणजे ज्या मिसर देशात बूकलमून विणले जाई, त्याच देशाच्या राजधानीत सहाशे वर्षांनंतर खानदेशी कापड विकले जात होते.

बऱ्हाणपूर परके झाले असे कोणास वाटले, तर धरणगावचा पुरावा घ्यावा. ते अगदी आजच्या जळगाव जिल्ह्यातले. अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत या सुभ्याच्या वर्णनात धरणगावी होणाऱ्या सिरिसाफ व भिरौन या उंची वस्त्रांची नावानिशी नोंद घेतली आहे. सुभ्याच्या वर्णनात गडकिल्ले, नद्या आणि जमाबंदी सोडून विणकराच्या मालाला जागा मिळावी, हा मान लहान नव्हे. कापडाच्या लोभाने 1674 मध्ये इंग्रजांनी धरणगावी वखार घातली आणि दुसऱ्याच वर्षी मराठ्यांनी ती लुटली. लुटण्याजोगे काही असल्याशिवाय फौजा वाट वाकडी करीत नाहीत, तेव्हा ही लूटदेखील गावच्या संपन्नतेचे एक प्रमाणपत्रच समजावे. रंगाच्या बाबतीत यावल-रावेरकडील फैजपूरचा लौकिक मोठा. 1880 सालच्या सरकारी गॅझेटियरात फैजपूरच्या छापील कापडाची आणि तेथील गर्द निळ्या व तांबड्या रंगांची वाखाणणी आहे. निळीच्या पिंपात बुडविलेले सूत आणि आलाच्या मुळ्यांच्या तांबड्यात उकळलेले सूत हे रंगाऱ्याचे दोन मुख्य आधार. आणि ज्या मुलखात निळा व तांबडा हे दोन विरोधी रंग पक्के उतरत, तेथे ते दोन्ही एका मागावर उभे-आडवे घालून पाहण्याची बुद्धी कोणास झाली नसेल, असे मानणे विणकरावर अन्याय करण्यासारखे होईल.

या सगळ्यावरून माझे मत असे बनले आहे, की धूपछाव हा शब्द महाराष्ट्रात खानदेशच्या वाटेने आला. औरंगाबादेच्या सुभ्यातून, मोगली छावणीच्या बाजारातून, तो आला असेल असेही कोणी म्हणेल, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. पण छावणीची भाषा छावणीबरोबर हलते, शब्द मुरतो तो पेठेत. तापीखोऱ्यात गुजराती वाणी, हिंदुस्थानी बोलणारा मोमीन विणकर, मराठी साळी-कोष्टी आणि अहिराणी बोलणारी गिऱ्हाईक बाई एका दुकानाच्या पायरीवर भेटत आणि एकमेकांचे शब्द उसने घेत. ग्रिअर्सनने भाषापाहणीच्या नवव्या खंडात खानदेशी बोलीला भिल्ली भाषांच्या शेजारी बसविले, त्यावरून अभ्यासकांत बरेच वाद झाले. परंतु ती बोली गुजराती, हिंदी आणि मराठी या तिघींच्या शिवेवर उभी आहे, एवढे तरी सर्वांना मान्य आहे. अशा ठिकाणी धूप म्हणजे ऊन हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. शिवाय, वैशाखात भुसावळ-जळगावचे ऊन ज्याने सोसले आहे, त्याला धूप आणि छाव यांमधील अंतर किती असते, हे कोशात पाहण्याची गरज पडत नाही.

राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय योजण्यात आले. त्यात व्यापारी मालासाठी पण्यवर्ग हा एक स्वतंत्र विभाग आहे. हुद्द्यांची नावे काही अंशी बदलली, अमात्य आणि सचिव दरबारात आले. कापडबाजाराने मात्र तो कोश मनावर घेतला नाही. मखमल मखमलच राहिली, किनखाब किनखाबच राहिला. यात स्वाभिमानाचा अभाव नसून व्यवहाराची गरज आहे : ज्या नावाने माल सुरतेहून निघतो, त्याच नावाने तो जुन्नरास विकला गेला पाहिजे, नाहीतर हिशेब रुजू होत नाही.

विणण्याच्या अंगाने पाहिले, तर धूपछाव साधायला सोपी आणि बिघडायला त्याहून सोपी. ताणा एका रंगाचा घ्यावयाचा आणि धोट्यातल्या कांडीवर बाणा दुसऱ्या रंगाचा भरावयाचा, एवढेच तिचे गुपित. नक्षीचा खटाटोप नाही, जरीचा खर्च नाही. परंतु दोन्ही सुते सारख्या जाडीची हवीत, ताण सारखा हवा आणि फणीचा ठोका असा बेताचा हवा, की बाण्याने ताण्याला झाकू नये व ताण्याने बाण्याला. ठोका जोराचा बसला की एकच रंग वर येतो आणि दुसरा बुडतो. हलका बसला तर पोत विरळ होऊन दोन्ही रंग निस्तेज दिसतात. रंगांची निवडही परीक्षेची. फार जवळचे दोन रंग घेतले तर झाक उमटत नाही, आणि एक फार फिका व दुसरा फार गडद घेतला तर कापड धुरकट, राखेसारखे दिसू लागते. निळ्या ताण्यावर हिरवा बाणा घातला की मोराचा गळा, तांबड्यावर हिरवा घातला की जुन्या तांब्याच्या भांड्याची आठवण देणारा एक गंभीर रंग, आणि जांभळ्यावर गुलाबी घातला की तिन्हीसांजेचे आभाळ. येवल्यास हे काम पिढ्यान्पिढ्या होत आले आहे. ते गाव वसविणाऱ्या रघोजी नाईकांनी शामदास वालजी या गुजराती व्यापाऱ्यास आणून रेशमाच्या धंद्याचा पाया घातला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. नाशिक जिल्ह्यात असले तरी येवल्याहून खानदेशची शीव फार लांब नाही, आणि धुळे-जळगावकडील लग्नांच्या बस्त्यात येवल्याचे रेशीम हे पूर्वापार प्रतिष्ठेचे मानले गेले.

रेशमातच ही जादू का खुलते आणि कापसात का मंदावते, याचेही उत्तर आता उघड झाले आहे. रेशमाच्या तंतूचा छेद घेतला तर तो साधारण त्रिकोणी दिसतो, त्याच्या सपाट बाजूंवरून प्रकाश एका दिशेने परत फिरतो, आणि म्हणून उभा तंतू एका कोनातून चमकतो तर आडवा दुसऱ्या कोनातून. कापसाचा तंतू म्हणजे पीळ पडलेली चपटी फीत. तिच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. खानदेश हा पांढऱ्या सोन्याचा मुलूख. येथील काळ्या जमिनीने कापूस अमाप दिला, पण त्यात रेशमाची झळाळी ती कोठून देणार? सुती धूपछाव होते, नाही असे नाही. पण तिच्यातले ऊन पावसाळ्यातले असते.

मोराच्या पिसाऱ्याशी या वस्त्राची तुलना नेहमी होते, पण दोहोंचा मार्ग भिन्न आहे. पिसात निळा किंवा हिरवा रंग म्हणून काही द्रव्य नसते. काळसर द्रव्याचे अतिसूक्ष्म कण ज्या ठरावीक अंतरांनी रचलेले असतात, त्या रचनेवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिळून रंग निपजवतात. न्यूटनने 1704 च्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात मोरपिसाच्या रंगांची संगती पातळ पापुद्र्यांच्या रंगांशी लावली होती, आणि आपल्याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिंपले, पिसे आणि मूनस्टोनसारखी रत्ने यांच्या पालटत्या रंगांवर विसाव्या शतकात अनेक वर्षे खपून संशोधन केले. विणकराला हे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने दोन खरे रंग घेतले आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यालाच कामाला लावले. या बाबतीत धूपछाव मोरपिसापेक्षा इंद्रधनुष्याच्या अधिक जवळची आहे. कारण इंद्रधनुष्यही पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते, सूर्य पाठीशी असता सुमारे 42 अंशांच्या कोनात ते ज्याचे त्यालाच दिसते, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे इंद्रधनुष्य काटेकोरपणे पाहिल्यास निराळे असते.

इंद्रधनुष्याचे नाव निघाले म्हणजे पुन्हा धरणगावी यावे लागते. त्र्यंबक बापूजी ठोमरे, अर्थात बालकवी, यांचा जन्म 1890 साली तेथेच झाला. घटकेत सर आणि घटकेत ऊन, अशा श्रावणाचे मराठीतील सर्वांत लोकप्रिय चित्र त्यांनी एका कवितेत काढले. ती शाळेत पाठ न केलेला मराठी माणूस विरळा. त्या कवितेत आभाळातल्या कमानीचे वर्णन करावयाचे झाले, तेव्हा या कवीने विणकामातली उपमा निवडली, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. ज्या गावच्या वस्त्राची कीर्ती अबुल फज्लच्या लेखणीपर्यंत पोहोचली, त्या गावी जन्मलेल्या मुलाला आकाशात विणलेली वस्तू दिसावी, हे मला सहज वाटते. त्याहून अधिक तर्क मी लढवू इच्छित नाही, कारण कवीच्या प्रतिभेला गावचा दाखला लागतोच असे नाही. बालकवी 1918 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून गेले.

एव्हाना हातमागांचे दिवस पालटले होते. 1855 मध्ये याच धरणगावी सरकारने सरकी काढण्याचा कारखाना उभारला, पुढच्या दशकात आगगाडी आली, जळगावास गिरणी उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरचे प्रताप शेठ या धंद्यात उतरले. 1906 साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे पाडण्यात आले, तेव्हा जळगाव आणि धुळे ही दोन्ही ठाणी कापसाच्या व्यापाराने गजबजलेली होती. गिरणीने धोतरे दिली, मांजरपाट दिला, गरिबाला अंगभर वस्त्र स्वस्तात दिले, हे तिचे ऋण मानलेच पाहिजे. पण ज्या कापडाला हाताचा बेतशीर ठोका हवा, ते मागे पडले. अलीकडे कृत्रिम धाग्याच्या साड्यांत दोन रंगांची चमक यंत्रावर सर्रास निघते आणि दुकानदार तिला ‘डबल शेड’ म्हणतात. हा शब्द मला दरिद्री वाटतो. त्यात दोन रंगांची मोजदाद आहे, पण एक रंग जाऊन दुसरा येण्याची ती चाहूल नाही. ऊनही नाही आणि सावलीही नाही.

शब्दांच्या कुळकथा शोधण्याच्या कामी खानदेशने महाराष्ट्राची मोठी सेवा केली आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी उत्तरायुष्यात धुळे जवळ केले आणि 1926 च्या अखेरीस त्यांचे निधनही तेथेच झाले. त्यांचा मराठी धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले, ते धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या परिश्रमांमुळे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून गोळा केलेली बाडे ज्या समर्थ वाग्देवता मंदिरात ठेविली, तेही धुळ्यातच. राजवाड्यांची शिकवण अशी, की राजेरजवाड्यांच्या खलित्यांपेक्षा वाण्याच्या खतावणीत आणि जोशी-कुळकर्ण्यांच्या दप्तरात भाषेचा इतिहास अधिक सापडतो. धूपछाव शब्दाचा इतिहास तर केवळ तेथेच सापडणार; कारण त्याला पंडितांनी कधी दरबारात बसविले नाही. तेव्हा धरणगाव, फैजपूर, नंदुरबार, अमळनेर, शिरपूर येथील ज्या घराण्यांत पूर्वी कापडाची, रंगाची किंवा रेशमाची उलाढाल होती, त्यांना एवढीच विनंती, की माळ्यावर पडलेल्या मोडी चोपड्या, बस्त्यांच्या याद्या आणि मोहतर्फ्याच्या पावत्या रद्दीत घालण्यापूर्वी धुळ्याच्या मंडळात दाखवून घ्याव्यात. शाई अजून वाचण्याजोगी आहे, वाळवीने मात्र काम सुरू केलेले आहे.